आउटलुक सतत ‘अलाऊ की डिनाय’ विचारतंय? इशारा बंद करण्याआधी एवढं तपासा

महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईत तुर्भे-महाप्यापर्यंत ज्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी बघतो, तिथून करभरणा आणि रिटर्नच्या या तारखांच्या आसपास हमखास फोन येतो. "दादा, ते अलाऊचं परत यायला लागलंय. सगळ्या पार्ट्यांना स्टेटमेंट पाठवायचंय, एकेकाला किती वेळ दाबत बसू?"

आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल सॉफ्टवेअरने स्क्रीनवर आणलेली ही खिडकी साधारण अशी असते: ‘अ प्रोग्रॅम इज ट्राइंग टू सेंड ॲन ई-मेल मेसेज ऑन युवर बिहाफ.’ म्हणजे कुठलंतरी सॉफ्टवेअर तुमच्या नावाने मेल पाठवू बघतंय. खाली अलाऊ, डिनाय आणि हेल्प अशी तीन बटणं. अलाऊचं बटण काही सेकंद दबतच नाही, हिरवी पट्टी भरेपर्यंत थांबावं लागतं. सोसायटीची मेंटेनन्सची बिलं १२० सदस्यांना जाणार असतील, तर ही खिडकी १२० वेळा येते. दुसरा प्रकार पत्त्यांचा. तिथे ‘सॉफ्टवेअरला तुमच्या आउटलुकमधले ई-मेल पत्ते वाचायचे आहेत’ असा मजकूर असतो आणि १, २, ५ किंवा १० मिनिटांसाठी परवानगी देता येते.

इतक्या वेळा बटण दाबायला लागलं की माणूस वैतागतो. मग बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो, तो एनीडेस्कवरून (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवता येतो ते सॉफ्टवेअर) येतो, एक सेटिंग बदलतो, ‘आता नाही येणार’ म्हणतो आणि जातो. त्याने काय बदललं हे ऑफिसात कुणालाच कळत नाही. हा लेख त्या एका सेटिंगमुळे लिहितोय. बहुतेक वेळा दोष ना आउटलुकचा असतो, ना बिलिंग सॉफ्टवेअरचा. तुमच्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस चालू आणि अपडेटेड आहे याची आउटलुकला खात्री पटत नसते, म्हणून ते विचारत राहतं. ती खात्री पटली की प्रश्न आपोआप थांबतात.

हे विचारणं सुरू कुठून झालं

मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस आला. तो आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायचा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ आला आणि त्याने ॲड्रेस बुकातल्या झाडून सगळ्यांना मेल पाठवले. दोघांनीही आउटलुकचं कुलूप तोडलं नव्हतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरला आउटलुककडून काम करून घेता यावं म्हणून जो रस्ता मुद्दाम ठेवला होता, तोच त्यांनी वापरला. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर आजही त्याच रस्त्याने येतं. त्यानंतर २००० च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुक ९८ आणि २००० साठी सुरक्षा अपडेट दिलं आणि आउटलुक २००२ पासून हा पहारा आतच बसवला.

सुरुवातीला तो सरसकट प्रत्येकाला अडवायचा. आउटलुक २००७ मध्ये बदल झाला. कॉम्प्युटरवर चालू आणि अपडेटेड अँटिव्हायरस आहे असं विंडोजने सांगितलं, तर आउटलुक विचारत नाही. म्हणजे आज ही खिडकी दिसते तेव्हा सॉफ्टवेअर तेच असतं, काम तेच असतं, फक्त अँटिव्हायरसच्या बाबतीत विंडोजकडून ‘ठीक’ असं उत्तर आलेलं नसतं. गेल्या महिन्यापर्यंत बिनबोभाट चाललेलं काम या महिन्यात एकदम का अडलं, याचं कोडं इथे सुटतं.

सगळ्यात आधी: तुम्ही काही पाठवत होता का?

अलाऊ दाबण्याआधी स्वतःला एवढंच विचारा. तुम्ही आत्ता बिलं पाठवायचं बटण दाबलं असेल आणि लगेच खिडकी आली असेल, तर घाबरायचं कारण नाही. पण तुम्ही फक्त मेल वाचत होता, किंवा जेवायला गेला होता आणि परत आल्यावर खिडकी दिसली, तर डिनाय दाबा. ‘काय असेल ते असेल’ म्हणून अलाऊ दाबायचं नाही.

अडचण अशी की खिडकीत सॉफ्टवेअरचं नाव नसतं. नुसतं ‘अ प्रोग्रॅम’. ते शोधायला माझी पद्धत साधी आहे. डिनाय दाबल्यावर कोण कुरकुर करतं ते बघायचं. बिलिंग सॉफ्टवेअरने ‘मेल गेला नाही’ असा एरर दिला, तर तोच पाहुणा. कुणीच बोललं नाही, तर आउटलुक सोडून बाकी सगळं एकेक करून बंद करा, घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनमधलं सुद्धा. फोन सिंक करणारं सॉफ्टवेअर, स्कॅनरचं ‘स्कॅन टू मेल’, ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सीआरएम, पीडीएफ बनवणारं टूल ही नेहमीची मंडळी. खिडकी कधी येणं थांबते ते टिपून ठेवा.

आउटलुकच्या आत बसलेल्या ॲड-इनवर, म्हणजे त्याला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरवर, संशय असेल, तर कंट्रोलचं बटण दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं ते विचारेल, हो म्हणा. या मोडमध्ये ॲड-इन चालत नाहीत. इथे खिडकी आली नाही, तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जाऊन एकेक बंद करून बघा.

एखादं अनोळखी नाव सापडलं तर टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब दिसतो का, आणि सही कुणाची आहे, ते बघा. नामांकित कंपनीचं सॉफ्टवेअर सहसा सही केलेलं असतं. छोट्या स्थानिक सॉफ्टवेअरवर सही नसेलही, पण ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये किंवा स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमधून चालणारी, सही नसलेली फाइल आउटलुकमधले पत्ते मागत असेल, तर पुढचं सगळं सोडा आणि थेट या लेखातल्या शेवटच्या भागाकडे जा.

आउटलुकलाच विचारा

आता मुख्य तपासणी. आउटलुकमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग ट्रस्ट सेंटर, मग ‘ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज’, आणि डावीकडे ‘प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस’. इथे तीन पर्याय दिसतात. पहिला, अँटिव्हायरस बंद किंवा जुना असेल तेव्हाच इशारा दे. याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं. दुसरा, नेहमी इशारा दे. तिसरा, कधीच देऊ नको. आणि याच्यापुढे मायक्रोसॉफ्टनेच ‘नॉट रेकमेंडेड’ लिहून ठेवलंय. एनीडेस्कवरून येणारे लोक हाच तिसरा निवडून जातात.

पण त्या पर्यायांपेक्षा खालची एक ओळ जास्त महत्त्वाची आहे: ‘अँटिव्हायरस स्टेटस’. तिथे ‘व्हॅलिड’ आहे की ‘इनव्हॅलिड’, एवढंच बघा.

व्हॅलिड असून खिडकी येत असेल, तर कुणीतरी दुसरा पर्याय निवडलेला असणार. पहिला निवडा, ओके करा, आउटलुक बंद करून परत उघडा. पर्याय फिकट दिसत असतील आणि निवडता येत नसतील, तर आउटलुक पूर्ण बंद करा, स्टार्टमध्ये शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तरीही फिकटच असतील, तर हे सेटिंग कंपनीच्या पॉलिसीतून आलंय आणि ते आयटीवाल्यांनीच बदलायचं. सेटिंग झालं की आउटलुक पुन्हा साध्या पद्धतीने उघडा. रोजचं काम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून करू नका.

इनव्हॅलिड असेल, आणि बहुतेक वेळा तेच असतं, तर पुढे वाचा.

अँटिव्हायरस असूनही ‘इनव्हॅलिड’ का?

नौपाड्यातल्या एका सीएंच्या ऑफिसात नवा लॅपटॉप आला होता. पहिले काही आठवडे सगळं छान. मग एके दिवशी रिटर्नची पोच क्लायंटना पाठवताना प्रत्येक मेलला खिडकी. ऑफिसातल्या ताई सांगत होत्या, "अहो, अँटिव्हायरस आहे की, तो बघा खाली आयकॉन." आयकॉन होता. पण लॅपटॉपबरोबर आलेली ती ट्रायल होती आणि तिची मुदत संपली होती. दुसरा अँटिव्हायरस टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, आणि ट्रायल संपल्यावर तो दरवेळी लगेच परत जागा होतोच असं नाही. म्हणजे आयकॉन दिसतोय, पण रखवाली कुणाचीच नाही. आउटलुकने ते बरोबर ओळखलं होतं. त्या दिवशी कुणी ‘कधीच विचारू नको’ करून दिलं असतं, तर क्लायंट लोकांचे पॅन आणि बँक तपशील असलेला तो लॅपटॉप तसाच उघडा राहिला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

तुमच्याकडे असं बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. डावीकडे खाली सेटिंग्ज, तिथे ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’. विंडोज कुणाला अँटिव्हायरस मानतंय आणि तो चालू आहे की नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. क्विक हील असो, कॅस्परस्की असो की डिफेंडर, एकच चालू असला पाहिजे.

ट्रायल संपलेली असेल तर दोनच रस्ते: पैसे भरून लायसन्स घ्या किंवा तो काढून टाका. मधे लोंबकळत ठेवू नका. काढताना सेटिंग्ज, ॲप्समधून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. काही अँटिव्हायरस मागे अवशेष सोडतात. बहुतेक कंपन्या ते साफ करायला वेगळं रिमूव्हल टूल त्यांच्या साइटवर फुकट देतात. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडर चालू झालाय का बघा आणि ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधून अपडेट करा. छोट्या ऑफिसला डिफेंडर पुरतो, असं माझं मत आहे. मुदत संपलेल्या महागड्या अँटिव्हायरसपेक्षा चालू असलेला फुकटचा डिफेंडर कितीतरी बरा.

दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक काढा. ‘डबल सुरक्षा’ असं काही नसतं. ते एकमेकांनाच अडवतात आणि कॉम्प्युटरही रडत चालतो.

सगळं हिरवं दिसतंय आणि तरीही आउटलुक इनव्हॅलिडच म्हणतंय, असंही क्वचित होतं. अँटिव्हायरसची स्थिती विंडोजमधल्या डब्ल्यूएमआय नावाच्या यंत्रणेतून कळते, आणि ती बिघडली की निरोपच पोहोचत नाही. आधी विंडोज आणि ऑफिसचे राहिलेले अपडेट टाका, रीस्टार्ट करा. नाहीच जमलं तर डब्ल्यूएमआयची दुरुस्ती माहितगाराकडूनच करून घ्या. जुन्या आवृत्त्यांचंही बघा: विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सर्व्हरवर काम करत असाल तर

वाशी आणि तुर्भ्यातल्या बऱ्याच ट्रेडिंग आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत सगळे जण रिमोट डेस्कटॉपने एकाच विंडोज सर्व्हरवर काम करतात. तिथे वरचा उपाय लागू पडत नाही. अँटिव्हायरसची खबर आउटलुकला देणारं सिक्युरिटी सेंटर विंडोजच्या सर्व्हर आवृत्तीत नसतंच, त्यामुळे तुम्ही कितीही चांगला अँटिव्हायरस टाका, आउटलुकला तो दिसत नाही आणि खिडकी येतच राहते.

अशा ठिकाणी इशारा पॉलिसीतून बंद करण्याला अर्थ आहे, पण तो निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्याने, लेखी नोंद करून घ्यावा. अँटिव्हायरस सर्व्हरवर खरंच चालू असला पाहिजे, आणि प्रत्येक युजरला ॲडमिनचे अधिकार असता कामा नयेत. माझं म्हणाल, तर सर्व्हरवर मेल पाठवायला आउटलुक मधे आणूच नये.

आउटलुकला वळसा: सॉफ्टवेअरला स्वतः मेल पाठवू द्या

टॅलीसारखी सॉफ्टवेअरं आउटलुकला हात न लावता थेट मेल सर्व्हरवरून, म्हणजे एसएमटीपीने, मेल पाठवतात. तुमच्या बिलिंग किंवा सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘ई-मेल कॉन्फिगरेशन’ असं काही असेल, तर तोच रस्ता सगळ्यात सुटसुटीत. एकदा नीट बसवलं की आउटलुकची खिडकी येण्याचा प्रश्नच राहत नाही.

जीमेल असेल तर सर्व्हरच्या जागी जीमेलचा एसएमटीपी पत्ता, पोर्ट ५८७ आणि टीएलएस (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून असलेली सोय) चालू. पासवर्डच्या जागी तुमचा नेहमीचा पासवर्ड टाकलात तर चालणार नाही; ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो प्रकार बंद केला. आधी गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग ‘ॲप पासवर्ड’ बनवा. १६ अक्षरांचा पासवर्ड मिळतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाका. त्याला सॉफ्टवेअरचं नाव द्या, म्हणजे उद्या ते सॉफ्टवेअर सोडलंत तर नेमका तोच पासवर्ड रद्द करता येईल. गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘काल चालत होतं, आज मेल जात नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर मेल पाठवता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मोठ्या सोसायट्यांनी बिलं दोन दिवसांत विभागून पाठवावीत. आणि तुमच्या डोमेनचा मेल दुसऱ्या होस्टिंगवर असेल, तर असे पाठवलेले मेल ‘सेंट’मध्ये दिसतीलच असं नाही. बीसीसीत स्वतःचा पत्ता टाका. सदस्य जेव्हा ‘बिल मिळालंच नाही’ म्हणतो, तेव्हा ती प्रत कामाला येते.

एक्सेलचं मॅक्रो वापरत असाल तर

बऱ्याच ऑफिसांत कुणीतरी हुशार मुलाने एक्सेलचं मॅक्रो लिहून दिलेलं असतं: शीटमधली नावं घ्या, पीडीएफ जोडा, आउटलुकमधून पाठवा. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो, मॅक्रो मागे राहतं. त्या कोडमध्ये जिथे ‘सेंड’ लिहिलंय तिथे ‘डिस्प्ले’ लिहा. मेल तयार होऊन समोर उघडेल आणि सेंड तुम्ही स्वतः दाबाल. माणसाने दाबलेल्या सेंडला आउटलुक अडवत नाही. वीस-पंचवीस मेल असतील तर मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण चुकीच्या माणसाला चुकीचं बिल जाण्याआधी ते डोळ्याखालून जातं.

मॅक्रोची फाइल मेलवर किंवा व्हॉट्सॲपवरून आली असेल आणि एक्सेल लाल पट्टी दाखवून मॅक्रो अडवत असेल, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करा. मेल नको, फोनच करा.

एक प्रकार मात्र अजिबात करू नका. नेटवर अशी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात जी खिडकी आली की आपोआप अलाऊ दाबतात. ती चांगल्या सॉफ्टवेअरसाठी दाबतात तशीच व्हायरससाठीही दाबतात.

सर्टिफिकेटचा इशारा

हा वेगळा प्रकार आहे, पण लोक दोन्हींत गल्लत करतात. आउटलुक उघडताच ‘इंटरनेट सिक्युरिटी वॉर्निंग’ येते, सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, पडताळता येत नाही म्हणते आणि यस की नो विचारते. याचं एक कारण पुन्हा बाहेरचं सॉफ्टवेअर असतं: काही अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी मधे उभे राहतात आणि सर्व्हरच्या जागी स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतात. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये सुरक्षित मेल कनेक्शनची तपासणी तेवढी बंद करून बघा. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका. दुसरं कारण, होस्टिंगच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाचं आणि तुम्ही सेटिंगमध्ये टाकलंय स्वतःच्या डोमेनचं नाव. होस्टिंगवाल्याकडून योग्य सर्व्हरचं नाव मागून घ्या.

आणि यातलं काहीही शोधण्याआधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल संपला की कॉम्प्युटर चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट चुकीचं ठरतं. रबाळ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये रोज सकाळी हा इशारा यायचा आणि दुपारी जायचा. सकाळी तारीख चुकलेली असायची, नेट लागल्यावर कधीतरी आपोआप सुधारायची. सेल बदलला, इशारा गेला.

खरोखरच काहीतरी घुसलं असेल तर

काही पाठवत नसताना खिडकी आली, अनोळखी फाइल सापडली, किंवा ओळखीच्यांचे ‘तुझ्याकडून विचित्र मेल आला’ असे फोन आले, तर क्रम असा ठेवा. डिनाय दाबा आणि नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पाव तास लागतो. तोवर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून मेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा.

मग मेलचे नियम बघा. हे फार जण विसरतात. आउटलुकमध्ये ‘रूल्स’ आणि जीमेलमध्ये ‘फिल्टर्स’ व ‘फॉरवर्डिंग’ उघडून तुम्ही न केलेला एखादा नियम आहे का पाहा. पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल बाहेरच्या पत्त्यावर गुपचूप पाठवणारा नियम तसाच चालू राहतो. पार्टीला ‘आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पैसे टाका’ असे खोटे मेल जातात ते अशाच वाचलेल्या मेलच्या जोरावर. म्हणून तुमच्या मोठ्या पार्ट्यांना फोन करून सांगा: खातं बदलल्याचा मेल आला तर आधी आमच्याशी बोला.

पैसे गेलेच असतील तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. लेखी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवता येते. व्हायरस काढायची मोफत टूल्स सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या साइटवर मिळतात. कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव झाला असेल तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तो लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, म्हणून तुमच्या आयटीवाल्याला लगेच उठवा, सकाळची वाट बघू नका. खिडकीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि वेळ, दोन्ही जपून ठेवा.

सगळं सुरळीत असलं तरी आज एक काम करा. ‘प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस’ उघडून बघा. तिसरा पर्याय निवडलेला दिसला, तर सॉफ्टवेअरवाल्याला तो कधी आणि का केला ते विचारा. सर्व्हरवर मुद्दाम केलेली पॉलिसी नसेल, तर पहिला पर्याय परत निवडा आणि एक मेल पाठवून बघा. खिडकी आली, तर वर सांगितल्याप्रमाणे अँटिव्हायरसपासून सुरुवात करा.